एका रंगमंचाचे दोन कारभारी

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक रंगात आले की तुमचे डोळे रंगमंचावर खिळलेले असतात. पण पुढच्या वेळी मध्येच एकदा मान वळवून सभागृहाच्या मागच्या बाजूला पाहा. तिथे अंधारात, एका टेबलामागे, एक माणूस बसलेला दिसेल. त्याच्यापुढे एक पसरट पेटी असते आणि तिच्यावर वरखाली सरकणाऱ्या दांड्यांची रांग असते. एक दांडी वर सरकवली की रंगमंचावरचा एक दिवा उजळतो. खाली ओढली की मंदावतो. या पेटीला कन्सोल म्हणतात. नाटकातली पहाट, तिन्हीसांज, विजेचा लखलखाट आणि पडदा पडण्यापूर्वीचा काळोख, सारे या पेटीतून निघते.

अलीकडे मात्र पुष्कळ ठिकाणी टेबलामागे दोन माणसे आणि दोन कन्सोल दिसतात. त्याचे कारण असे. सभागृहात जुने, तापणारे हॅलोजनचे दिवे कायमचे टांगलेले असतात आणि त्यांचा कन्सोलही तिथलाच असतो. समारंभासाठी भाड्याने आणलेले रंगीत एलईडी दिवे आणि माना फिरवणारे दिवे येतात, ते आपला कन्सोल व आपला माणूस बरोबर घेऊन येतात. रंगमंच एक, कारभारी दोन!

आता असे समजा, की नाटकाचा अखेरचा प्रसंग चालू आहे. आजोबा आरामखुर्चीत बसले आहेत. समोरून पिवळसर हॅलोजनचा प्रकाश, पाठीमागे निळी एलईडीची रात्र. आजोबांच्या हातातली काठी गळून पडते आणि त्याच क्षणी काळोख व्हायला हवा. पहिल्या माणसाने दांडी खाली ओढली. दुसऱ्याला अर्धा सेकंद उशीर झाला. समोरचा प्रकाश गेला, पण निळ्या उजेडात ‘वारलेले’ आजोबा उठून मिशी सावरताना साऱ्या सभागृहाला दिसले. डोळे पुसणारे प्रेक्षक हसू लागले. महिनाभराच्या तालमींवर अर्ध्या सेकंदाने पाणी पडले.

मग या दोन पेट्या एकमेकींना जोडता येणार नाहीत का? येतील. पण कशा, हे समजण्यासाठी आधी दिवे आणि त्यांना मिळणारे हुकूम यांची ओळख करून घ्यायला हवी.

दिवा मंद कसा होतो?

संपूर्ण विजेने उजळलेली पहिली सार्वजनिक इमारत म्हणजे लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह. हे १८८१ सालचे. त्यापूर्वी रंगमंचावर गॅसचे दिवे असत, आणि तोटी पिरगळली की ते मंद होत. विजेच्या दिव्याला तोटी कुठून आणायची? पहिला उपाय कोणालाही सुचेल असा होता: दिव्याच्या मार्गात एक रोध घालायचा. २३० व्होल्टवर चालणारा १००० वॉटचा दिवा घ्या. तो सुमारे ४.३५ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे तापलेल्या तारेचा रोध सुमारे ५३ ओहम झाला. त्याच्याशी एकसरीत आणखी ५३ ओहमचा रोध जोडला, तर प्रवाह निम्मा होतो आणि दिव्याला २५० वॉट मिळतात. (थंड झाल्यावर तारेचा रोध घटतो, पण ते क्षणभर बाजूला ठेवू.) मात्र तितकेच २५० वॉट त्या रोधातही उष्णता बनून वाया जातात. मंद दिव्यासाठी एक शेगडी पेटवून ठेवण्यासारखेच हे! काही ठिकाणी रोध म्हणून मिठाच्या पाण्याची भांडीही वापरत. त्यात उघडे विद्युदग्र सोडून ते वरखाली करत. हा प्रकार प्राणघातक आहे. वाचून सोडून द्या, करून पाहू नका.

पुढे थायरिस्टर आणि ट्रायॅक हे अर्धवाहकांचे घटक आले आणि चित्र पालटले. आपल्या घरी येणारी वीज प्रत्यावर्ती असते. तिची ५० आवर्तने एका सेकंदात होतात. म्हणजे सेकंदाला १०० अर्धी आवर्तने, प्रत्येकी १० मिलिसेकंदांची. ट्रायॅक हा एक विलक्षण चपळ दरवाजा आहे. प्रत्येक अर्ध्या आवर्तनात तो थोडा वेळ बंद राहतो आणि मग उघडतो. ५ मिलिसेकंदांनी उघडला तर दिव्याला निम्मी शक्ती मिळते. आणखी उशिरा उघडला तर आणखी कमी. सेकंदाला शंभर वेळा उघडझाप होऊनही दिवा लुकलुकत नाही, कारण टंगस्टनची तार इतक्या थोड्या वेळात थंड होऊ शकत नाही. अशा दरवाजांची पेटी म्हणजे डिमर. कन्सोल दिव्याला वीज देत नाही, हे लक्षात ठेवा. तो डिमरला फक्त सांगतो, ‘अमुक दरवाजा इतका उघड.’

एलईडीच्या दिव्याचे तंत्र अगदी निराळे आहे. त्याच्या पोटात स्वतःचा वीजपुरवठा व छोटा संगणक असतो. त्याला अखंड २३० व्होल्ट लागतात आणि प्रकाशाचा हुकूम वेगळ्या तारेने लागतो. त्याला डिमरची कापलेली वीज दिली तर तो फडफडतो, कधी कायमचा बिघडतो. फिरत्या मानेच्या दिव्याचेही तसेच. त्यात तर मोटारीही असतात. म्हणून मिश्र जातीच्या दिव्यांच्या मांडणीत पहिला नियम हा, की हॅलोजनची वीज डिमरमधून आणि बाकीच्यांची थेट. हुकूम मात्र दोघांनाही एकाच भाषेत देता येतात.

डायोडचा न्याय

ती भाषा येण्यापूर्वी हुकूम देण्याची पद्धत अगदी साधी होती. प्रत्येक डिमरला एक बारीक तार. तिच्यावर ० व्होल्ट म्हणजे अंधार, १० व्होल्ट म्हणजे पूर्ण उजेड आणि ५ व्होल्ट म्हणजे मधला. दिवे चोवीस, तर तारा चोवीस आणि एक सामाईक. या पद्धतीत दोन कन्सोल जोडण्याचा उपाय इतका सुंदर आहे की तो तुम्ही घरी करून पाहावा.

डायोड ही विजेची एकमार्गी वाट. प्रत्येक कन्सोलची तार एकेका डायोडमधून न्यायची आणि डायोडांच्या पलीकडची टोके एकत्र करून डिमरला द्यायची. पहिला कन्सोल ४ व्होल्ट देत असेल आणि दुसरा ७, तर ७ व्होल्टचा डायोड प्रवाह सोडतो आणि ४ व्होल्टचा आपोआप बंद होतो, कारण त्याच्या पलीकडे आता दाब जास्त आहे. डिमरला मोठा आकडा मिळतो, डायोडमध्ये खर्ची पडणारे ०.६ ते ०.७ व्होल्ट वजा जाता. दोन उंचींवरच्या दोन टाक्यांचे नळ एकमार्गी झडपांतून एकत्र केले, तर उंच टाकीचेच पाणी येईल ना? तसेच. कित्येक कन्सोलांच्या आतच हे डायोड बसवलेले असत.

करून पाहा. १.५ व्होल्टच्या दोन सेलांची एक माळ (३ व्होल्ट) आणि तीन सेलांची दुसरी माळ (४.५ व्होल्ट) घ्या. दोन्हींची ऋण टोके एकत्र जोडा. प्रत्येक धन टोकाला १एन४००७ हा डायोड लावा; पट्ट्याची बाजू सेलांपासून दूर ठेवा. दोन्ही पट्ट्यांकडील टोके एकत्र करून ती ३३० ओहमचा रोध व एक तांबडा एलईडी यांतून सामाईक ऋण टोकाकडे आणा. मल्टिमीटर असेल तर डायोडांनंतरचा दाब मोजा. तो ३.८ व्होल्टच्या आसपास येईल. तीन सेलांची माळ काढा; एलईडी मंद होईल, पण विझणार नाही. दोन सेलांची माळ काढली असतीत तर काहीच फरक दिसला नसता. डायोड न घालता मात्र माळा एकत्र जोडू नका. मोठी माळ छोटीत उलटा प्रवाह ढकलील आणि सेल तापतील.

‘मोठ्याचा मान’ असा हा नियम. प्रकाशयोजनेत त्याला एचटीपी म्हणतात. पुढे पुन्हा भेटेल, म्हणून ध्यानात ठेवा.

हजेरीपटासारखी भाषा

दिवे वाढले, तसा चोवीस तारांचा जुडगा शंभरांचा झाला. शिवाय प्रत्येक कंपनीची रीत निराळी. तेव्हा १९८६ साली अमेरिकेतल्या ‘युनायटेड स्टेट्स इन्स्टिट्यूट फॉर थिएटर टेक्नॉलॉजी’ या संस्थेने एक सामाईक भाषा ठरवली: डीएमएक्स ५१२. १९९० साली तिच्यात सुधारणा झाली. आज साध्या समारंभातल्या एलईडीपासून मोठ्या नाट्यगृहांपर्यंत हीच भाषा चालते.

तिची कल्पना अशी. तुमचे गुरुजी वर्गात गुण वाचून दाखवत आहेत, पण नाव किंवा क्रमांक घेत नाहीत. नुसते आकडे वाचतात: ७२, ४५, ८८, ६०... तुमचा हजेरी क्रमांक ४ असेल, तर तुम्ही मोजत बसायचे आणि चौथा आकडा आपला समजायचा. डीएमएक्समध्ये कन्सोल असेच ५१२ आकडे ओळीने म्हणतो, प्रत्येक ० ते २५५ यांमधला. यादी सुरू होण्यापूर्वी एक ठरावीक शांतता असते. ती ऐकून सगळे दिवे शून्यापासून मोजू लागतात. ज्या दिव्याला १०१ हा पत्ता दिला आहे तो १०१ वा आकडा उचलतो.

वेग किती? सेकंदाला २,५०,००० बिट. एक बिट ४ मायक्रोसेकंदांचा. प्रत्येक आकड्याला ११ बिट लागतात (८ आकड्याचे, ३ आरंभ व शेवट दाखवणारे), म्हणजे ४४ मायक्रोसेकंद. ५१२ आकडे आणि त्यांच्यापूर्वीचा एक खुणेचा आकडा मिळून ५१३ गुणिले ४४, सुमारे २२.६ मिलिसेकंद. म्हणून पूर्ण यादी सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ४४ वेळा वाचली जाते. एखादी यादी बिघडली तरी काही मिलिसेकंदांत नवी येते.

हे सारे दोन तारांवर चालते. एकीचा दाब वर गेला की दुसरीचा खाली जातो आणि दिवा फक्त त्यांतला फरक पाहतो. डिमरांच्या उघडझापेमुळे सभागृहात विद्युत् गोंगाट पुष्कळ असतो. तो दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. वजाबाकीचा इतका चांगला उपयोग मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे.

तारेच्या शेवटच्या टोकाला १२० ओहमचा एक रोध लावावा लागतो. दोरीचे टोक भिंतीला बांधून झटका दिला की लाट परत येते, हे तुम्ही पाहिले असेल. तारेत धावणारा संकेतही मोकळ्या टोकावरून परावर्तित होतो. अशा तारेत तो एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद घेतो. तार १०० मीटर असेल, तर जाऊन परत यायला १ मायक्रोसेकंद, म्हणजे एका बिटाचा चौथा भाग. परतलेली लाट पुढच्या संकेतात मिसळते आणि दिवे विनाकारण चमकू लागतात. तारेला साजेसा रोध लाटेला गिळून टाकतो. चार रुपयांचा रोध न लावल्यामुळे महागडे दिवे बदलून पाहणारे लोक मला माहीत आहेत.

दोन गुरुजी एका वर्गात

आता मूळ प्रश्न. दोन कन्सोलांच्या तारा एकत्र पिळून दिव्यांना दिल्या तर? दोन गुरुजी एकाच वेळी, एकमेकांकडे लक्ष न देता, दोन वेगळ्या याद्या मोठ्याने वाचू लागले तर वर्गाचे जे होईल तेच. एकाची यादी १२ व्या आकड्यावर असताना दुसऱ्याची ३०० व्या आकड्यावर असेल. एक तारेचा दाब वर ढकलतो, तेव्हाच दुसरा खाली ओढतो. इथे डायोडाचाही उपयोग नाही, कारण वरखाली जाणारा दाब म्हणजे आता प्रकाशाचे प्रमाण नव्हे; ती अक्षरे आहेत. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून छापली तर दोन्हींतला ठळक मजकूर उरत नाही, गिचमिड उरते.

म्हणून मध्ये एक तिसरा लागतो. त्याला मर्जर म्हणतात. ही मुठीएवढी पेटी. तिला दोन कान आणि एक तोंड. एका कानाने पहिल्या कन्सोलची यादी ऐकून ती स्मरणात लिहिते, दुसऱ्या कानाने दुसऱ्याची. मग घरोघरी तुलना करते: पहिल्या घरात ४० आणि १२०, तर १२०, दुसऱ्या घरात ९० आणि ०, तर ९०. अशी तिसरी यादी करून ती दिव्यांना वाचून दाखवते. म्हणजे डायोड जे निसर्गनियमाने करत होता, तेच ही पेटी बेरीजवजाबाकीने करते. यात एखाद्या यादीचा, फार तर दोन याद्यांचा उशीर होतो. तो डोळ्याला कळत नाही. चांगल्या मर्जरमध्ये एक गंमतही असते. आतील दोन बाजूंमध्ये तार नसतेच. एक चिमुकला एलईडी उघडझाप करतो आणि समोरचा प्रकाशसंवेदी घटक ते वाचतो. दोन कन्सोल दोन वेगळ्या फेजवर असले तरी एकाची वीज दुसऱ्यात घुसू नये यासाठी ही योजना.

प्रश्न सुटला? हॅलोजनपुरता सुटला. फिरत्या दिव्यांशी मात्र ‘मोठ्याचा मान’ हा नियम विचित्र वागतो.

अशा दिव्याला एक आकडा पुरत नाही. सोळा घरे लागतात असे धरू. त्यांत मान कुठे वळवायची, रंगाचे चाक कुठे थांबवायचे, प्रकाश किती, सगळे येते. प्रकाशाच्या बाबतीत मोठा आकडा म्हणजे जास्त उजेड. पण मानेच्या बाबतीत २०० म्हणजे ६० पेक्षा ‘जास्त’ काय? काहीच नाही, ती फक्त दुसरी दिशा. पहिला माणूस नायिकेकडे दिवा वळवू पाहतो, पण दुसऱ्याचा आकडा मोठा असल्यामुळे दिवा विंगेकडेच पाहत राहतो.

याहून मजेदार प्रकार पुढे आहे. मान साधारण ५४० अंश फिरते. तिच्यासाठी २५६ पायऱ्याच असल्या तर एक पायरी २.१ अंशांची होते, आणि दहा मीटरांवर प्रकाशाचा ठिपका एकदम ३७ सेंटिमीटर उडी मारतो. म्हणून मानेला दोन घरे देतात: एक जाड, एक बारीक. मग पायऱ्या २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ होतात आणि दहा मीटरांवरची उडी दीड मिलिमीटरहून कमी राहते. आता समजा पहिल्या कन्सोलने पाठवले जाड १००, बारीक २०, एकूण २५,६२०. दुसऱ्याने पाठवले जाड ९९, बारीक २५०, एकूण २५,५९४. दोन्ही जागा जवळजवळ एकच. मर्जर काय करतो? जाडांतले मोठे १००, बारकांतले मोठे २५०. एकूण २५,८५०! ही जागा दोघांनीही मागितली नव्हती. दहा मीटरांवर हिशेब करा: प्रकाश चेहऱ्यावरून सुमारे ३३ सेंटिमीटर सरकून खांद्यापलीकडे पडला.

मग मोठा आकडा न घेता ‘शेवटचा हुकूम खरा’ हा नियम लावला तर? अशी रीतही आहे. तिला एलटीपी म्हणतात. कन्सोलच्या आत, एकाच माणसाच्या हुकमांसाठी, ती उत्तम चालते. पण दोन कन्सोल सेकंदाला चाळीसवेळा यादी वाचतच असतात, त्यामुळे ‘शेवटचा’ म्हणजे शेवटी बदललेला असे धरावे लागते आणि एकाच्या हाताखालचा दिवा दुसऱ्याच्या चुकून लागलेल्या बोटाने निसटू शकतो. मला ही रीत दोन माणसांत फारशी पसंत नाही.

वाटणी

यावरचा व्यवहारी उपाय भाऊबंदांच्या शेतासारखा आहे: बांध घालावा. कोणती घरे कोणाची हे आधी ठरवायचे आणि दुसऱ्याने त्या घरांत कायम शून्य ठेवायचे. शून्याशी तुलना केली की कोणताही आकडा मोठाच ठरतो. मग मर्जरच्या नियमाचा त्रास उरत नाही.

एक नमुना पाहू. वीस हॅलोजन, घरे १ ते २०. बारा एलईडी, प्रत्येकाला पाच घरे (एकूण प्रकाश, तांबडा, हिरवा, निळा, पांढरा), घरे ३१ ते ९०. चार फिरते दिवे, प्रत्येकी सोळा घरे, १०१ ते १६४. सरळ वाटणी म्हणजे पहिल्या कन्सोलकडे १ ते २० आणि दुसऱ्याकडे बाकीची. पण मग आपले आजोबा पुन्हा मिशी सावरताना दिसतील! कारण ‘मोठ्याचा मान’ या नियमात प्रकाश वाढवण्याचा हक्क दोघांना असतो, पण दुसऱ्याने लावलेला प्रकाश कमी करण्याचा हक्क कोणालाच नसतो. पहिल्याने सगळे शून्य केले तरी दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे राहतात.

म्हणून वाटणी दिव्यांची न करता कामांची करावी. बहुतेक कन्सोलांत पॅच नावाची सोय असते. कोणतीही दांडी कोणत्याही घराला, किंवा अनेक घरांना, बांधता येते. एलईडीच्या ‘एकूण प्रकाश’ या घरांचे पत्ते ३१, ३६, ४१ असे पाच-पाचने वाढत ८६ पर्यंत जातात. ती बाराही घरे पहिल्या कन्सोलच्या २३ व्या दांडीला बांधायची. फिरत्या दिव्यांत प्रकाशाचे घर सहावे आहे असे धरले, तर १०६, १२२, १३८, १५४ ही चार घरे २४ व्या दांडीला. दुसऱ्या कन्सोलने या सोळा घरांना हात लावायचा नाही. त्याच्याकडे रंग, माना आणि आकृत्या. आता पहिल्या कन्सोलची एक मुख्य दांडी खाली ओढली की सारा रंगमंच एकदम काळोखात जातो, आणि माना मात्र जागच्या जागी राहतात. सगळी घरे सरसकट शून्य केली असती तर फिरत्या दिव्यांनी अंधारात एका टोकाला माना टाकल्या असत्या आणि पुढचा प्रवेश सुरू होताना त्या घरघरत परत आल्या असत्या.

सर्व दिवे एकाच नव्या कन्सोलवर का घेऊ नयेत, असे तुम्ही विचाराल. घेता येतात, आणि वेळ असेल तर तेच सोपे. पण जुन्या कन्सोलवर बसणाऱ्या माणसाच्या बोटांना त्या दांड्यांची वीस वर्षांची सवय असते. नटाने वाक्य लांबवले तर तो हातही लांबवतो. ती सवय एका दुपारी नव्या यंत्रावर उतरत नाही. आणि यंत्र मोठे म्हणून प्रकाश चांगला, असेही नाही. १९५९ साली कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात ‘अंगार’ या नाटकात तापस सेन यांनी प्रकाशाने कोळशाच्या खाणीत पाणी भरताना दाखवले. तेव्हा डीएमएक्सच्या जन्माला सत्तावीस वर्षे अवकाश होता.

मोठ्या नाट्यगृहांत आता हे आकडे संगणकाच्या जाळ्यातूनही जातात. तिथल्या एका पद्धतीत प्रत्येक कन्सोलला ० ते २०० पर्यंतचा अग्रक्रम देता येतो. ज्याचा अग्रक्रम मोठा त्याचीच यादी चालते आणि तो गप्प झाला की दुसऱ्याची. मुख्य कन्सोल मध्येच बंद पडला तर राखीव कन्सोलने कारभार हाती घ्यावा, यासाठी ही सोय फार उपयोगी.

दोन कन्सोल जुळले, काळोखाचा हुकूम एकाच क्षणी गेला, तरी एक अडचण उरतेच आणि ती कोणत्याही पेटीत नाही, तारेत आहे. एलईडीचा प्रकाश हुकुमासरशी जातो. १००० वॉटच्या दिव्याची तापलेली टंगस्टनची तार मात्र तांबूस होत होत, सेकंदाचा चांगलाच भाग घेऊन विझते. विझताना ती पिवळी, नारिंगी होते. एलईडी मंद होतानाही आपला रंग सोडत नाही. सावकाश मंद करतानाही हा भेद दिसतो. दहा सेकंदांत २५५ वरून ० वर यायचे तर सेकंदाला पंचवीस पायऱ्या. तारेची उष्णता त्या पायऱ्या पुसून टाकते, एलईडीला ते जमत नाही. शेवटच्या तीनचार पायऱ्यांना तो ठेचाळतो. आपला डोळा मंद उजेडातले फरक फार बारकाईने टिपतो, म्हणून ती ठेच लपत नाही. चांगल्या एलईडीच्या पडद्यावर ‘डिमर कर्व्ह’ आणि उशिराने विझण्याचा पर्याय असतो. तो निवडला की त्यातला छोटा संगणक पायऱ्यांच्या मधल्या जागा स्वतः भरतो आणि टंगस्टनची नक्कल करतो. नव्या दिव्याला जुन्याची संथ चाल शिकवावी लागते, ती अशी.

प्रयोगापूर्वी एक चाचणी न चुकता करावी. सगळे दिवे लावून दुसऱ्या कन्सोलची तार मर्जरमधून उपसा. काही मर्जर त्याची शेवटची यादी धरून ठेवतात आणि काही त्याची घरे शून्य करतात. आपला कोणता, हे रिकाम्या सभागृहात कळलेले बरे. मग तार परत लावून पहिल्याचीही तशीच परीक्षा घ्या.

आणि एक हिशेब तुमच्यासाठी. जुन्या दिव्यांवर पत्ता देण्यासाठी नऊ चिमुकली बटणे असतात. त्यांच्या किमती ओळीने १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. जी बटणे चालू, त्यांच्या किमतींची बेरीज म्हणजे पत्ता. आपल्या पहिल्या फिरत्या दिव्याचा पत्ता १०१. म्हणजे ६४, ३२, ४ आणि १, तेव्हा सातवे, सहावे, तिसरे व पहिले बटण चालू करायचे. उरलेल्या तीन दिव्यांचे पत्ते कोणते आणि प्रत्येकाची कोणती बटणे चालू ठेवाल? चौथ्या दिव्यासाठी आठवे, पाचवे, तिसरे आणि पहिले असे उत्तर आले, तर तुमचा हिशेब बरोबर आहे.